रोज पाच वेळा नमाज पढून नेमकं काय मिळतं? एकदा मनापासून प्रार्थना केली तर पुरत नाही का?

पुरत नाही, कारण माणूस विसरतो. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा या पाच वेळा मिळून 17 रकात (उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं असा नमाजचा एक फेरा) फर्ज, म्हणजे सक्तीच्या आहेत आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय असतो. म्हणजे त्यातलं ‘आम्हाला सरळ मार्ग दाखव’ हे मागणं दिवसातून किमान 17 वेळा. दुपारी दुकानात गिऱ्हाइकाशी वाजलेलं असतं, डोकं तापलेलं असतं. तेवढ्यात जोहरची वेळ होते. वुजू, म्हणजे नमाजआधीची धुण्याची शुद्धी, करायचा: मनगटापर्यंत हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, मग पाय. निम्मा राग तिथेच, नळाखाली उतरतो. (सगळ्यांचा उतरतो असं नाही, हेही खरं.)

पैगंबरांनी दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे: दारासमोरच्या नदीत कोणी रोज पाचदा आंघोळ केली, तर अंगावर मळ राहील का? मला स्वतःला सजदा सगळ्यात मोठा वाटतो. कपाळ जमिनीला टेकलं की हुद्दा, पैसा, सगळं बाजूला. हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या नोंदवलेल्या वचनांनुसार, बंदा अल्लाहच्या सर्वांत जवळ असतो तो सजद्यातच.

पण नुसत्या उठाबशा नकोत. कुरआनच्या 107व्या सूरहमध्ये दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांना आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही न देणाऱ्यांना खडसावलं आहे.

नवीन सुरुवात करत असाल तर धास्ती नको. आजारी माणूस बसून किंवा पडूनही पढू शकतो, प्रवासात चार रकातींच्या दोन होतात.