'प्रथम वापर नाही' असे आधीच जाहीर केल्यावर भारताच्या अण्वस्त्रांचा धाक उरतो का?

उरतो, कारण हा धाक पहिला घाव कोण घालतो यावर नव्हे, तर तो घाव सोसूनही प्रतिटोला हाणण्याची क्षमता शिल्लक राहते की नाही, यावर अवलंबून असतो. सोलापुरात पदवीच्या वर्गाला हा विषय शिकवताना मी अण्वस्त्र धोरणावरील भारताच्या ४ जानेवारी २००३ च्या सरकारी निवेदनापासून सुरुवात करतो. प्रत्युत्तर प्रचंड आणि शत्रूला न सोसवणारे नुकसान करणारे असेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जमिनीवरचे तळ हेरता येतात, खोल पाण्यातली पाणबुडी शोधणे फार कठीण. म्हणून 'अरिहंत' या भारताच्या अण्वस्त्रधारी पाणबुडीने २०१८ मध्ये पूर्ण केलेली पहिली गस्त मला एखाद्या नव्या अणुचाचणीपेक्षा मोलाची वाटते. मात्र एक मेख आहे. पाकिस्तानच्या 'नस्र' या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम ६० ते ७० किलोमीटर, म्हणजे सोलापुरातून डागले तर पंढरपूर गाठेल न गाठेल इतका. असे छोटे अस्त्र रणांगणावरील एखाद्या तुकडीवर पडले, तर भारत त्याबदल्यात खरोखरच शहरे बेचिराख करील, यावर रावळपिंडीतील, म्हणजे पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयातील, सेनानींचा विश्वास बसतो की नाही, हे निवेदनाच्या शब्दांवरून ठरत नाही.