पगारपत्रक : तुमचा चौकोन कुठला?

या महिन्यात आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे, आठवा वेतन आयोग कधी आणि किती. न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या अध्यक्षतेखाली आयोग बसलाय, त्याची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली, अहवालाला १८ महिने दिलेत, त्यामुळे फिटमेंटचे, म्हणजे जुन्या बेसिकला गुणायचे, जे आकडे व्हॉट्सअॅपवर फिरतायत त्यावर मी काही लिहिणार नाही. मी ३१ वर्षं एका सरकारी ऑफिसात पगारबिलं केली आणि मला लिहायचंय ते आजच्या चौकोनांबद्दल, म्हणजे पगाराच्या तक्त्यात तुमचं बेसिक ज्या घरात बसतं त्याबद्दल, कारण नवा आयोग लागू होईल तेव्हा तो तुमच्या आजच्या बेसिकलाच गुणणार आहे, आणि आजचं बेसिक चुकलेलं असेल तर ती चूकही त्याच पटीत गुणली जाणार.

प्रश्न : ताई नमस्कार. देवळालीत लष्कराच्या एका आस्थापनेत सिव्हिलियन क्लार्क आहे. ऑक्टोबर २०१६ ला एलडीसी (कनिष्ठ लिपिक) म्हणून लागलो, आता १० मार्चला यूडीसीचं (वरिष्ठ लिपिक) प्रमोशन मिळालं. बेसिक २६,०००, इन्क्रिमेंट जुलैला. ऑफिसने एक फॉर्म दिलाय, फिक्सेशन (वेतननिश्चिती) प्रमोशनच्या तारखेपासून पाहिजे की पुढच्या इन्क्रिमेंटपासून. सगळे म्हणतात पहिलंच घे, लगेच पैसे दिसतात. काय करू? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : दादा, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी फोन केला कारण या फॉर्मला एका महिन्याची मुदत असते आणि अंक छापून येईपर्यंत ती गेली असती. पण हिशोब इथे परत मांडते, देवळालीत, ओझरला, पोस्टात, इन्कम टॅक्समध्ये असे शेकडो जण असतील ज्यांच्या टेबलावर हाच फॉर्म येतो आणि ते शेजारच्याने टिक केलं तिथेच टिक करतात.

एलडीसी म्हणजे लेव्हल २, यूडीसी म्हणजे लेव्हल ४. नियम असा की आधी जुन्याच लेव्हलमध्ये एक इन्क्रिमेंट द्यायचं आणि मग नव्या लेव्हलच्या रकान्यात तेवढाच किंवा त्याच्या लगेच वरचा आकडा शोधायचा. तुमचे २६,००० चे एक इन्क्रिमेंट धरून होतात २६,८००. लेव्हल ४ चा रकाना २५,५००, २६,३००, २७,१००, २७,९०० असा चढतो, त्यात २६,८०० नाही म्हणून तुम्ही बसता २७,१०० वर. हा झाला पहिला पर्याय. मार्चपासून २७,१००, मग पुढचं इन्क्रिमेंट थेट जानेवारीत, तेव्हा २७,९००.

आता दुसरा. मार्चमध्ये तुम्हाला फक्त लेव्हल ४ मधला २६,००० च्या वरचा पहिला चौकोन मिळतो, २६,३००. इथेच लोक घाबरतात. पण १ जुलैला तुमचं वार्षिक इन्क्रिमेंट आणि प्रमोशनचं इन्क्रिमेंट अशी दोन्ही एकदम धरतात, २६,००० चे २६,८०० आणि त्याचे २७,६००, लेव्हल ४ मध्ये त्याच्या वरचा चौकोन २७,९००. आणि सहा महिने झाले की जानेवारीत परत एक, २८,७००. म्हणजे मार्च ते जून जेमतेम चार महिने ८०० रुपये कमी घ्यायचे आणि जुलैपासून दर महिन्याला ८०० रुपये जास्त, आणि हा फरक तुमच्या बेसिकमध्ये राहतो, त्यावर डीए चढतो, त्यावर एचआरए चढतो, उद्या नवा आयोग गुणेल तोही हाच आकडा. तुमच्या बाबतीत दुसराच पर्याय घ्यायचा, मला यात काही शंका नाही. पण प्रमोशनची तारीख बदलली की गणित बदलतं, म्हणून दुसऱ्या कुणी तुमचं बघून टिक करू नये, आपला चौकोन घेऊन बसावं आणि कागदावर दोन्ही बाजूंनी दोन वर्षं पुढे मोजावं.

आणखी एक गोष्ट. तुमची साडेनऊ वर्षं झालीत, ऑक्टोबरपर्यंत प्रमोशन आलं नसतं तर दहा वर्षांची एमएसीपी, म्हणजे प्रमोशन न मिळता ठरावीक वर्षं झाली की मिळणारी वरची लेव्हल, लागली असती, पण ती यूडीसीची लेव्हल ४ देत नाही, तक्त्यातली लगेचची वरची म्हणजे लेव्हल ३ देते. हे बऱ्याच एलडीसींना माहीत नसतं, दहा वर्षं झाली म्हणजे यूडीसीचा पगार मिळणार असं धरून चालतात.

मी नोकरीत असताना आमच्या ऑफिसात एका बाईंचा हाच ऑप्शन फॉर्म साहेबांच्या ट्रेमध्ये राहून गेला, मुदत टळली, त्यांनी पोच घेतलेली नव्हती. रिटायर होईपर्यंत त्या एक चौकोन मागे राहिल्या. त्यांना ते प्रत्येक पे स्लिपला आठवायचं आणि मलाही. फॉर्म देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

प्रश्न : मी केंद्राच्या ऑफिसात एमटीएस (मल्टि-टास्किंग स्टाफ) आहे, माझी नणंद झेडपीत परिचर. दोघी एकाच घरात राहतो, काम सारखंच, फायली ने-आण, चहा-पाणी, झेरॉक्स. माझी सुरुवात १८,००० पासून झाली, तिची १५,००० पासून. ती म्हणते सातवा वेतन आयोग दोघींनाही लागू आहे मग असं का? घरात यावरून बोलणं होतं. — नाशिकरोड

उत्तर : ताई, नणंदेचं बरोबर आहे, आणि तिचा हा प्रश्न मला या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सातव्या आयोगाने १८,००० कुठून आणले ते आधी बघा. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं होतं की किमान पगार कुटुंबाच्या गरजेवर मोजायचा, डॉक्टर आयक्रॉइड यांच्या आहाराच्या कोष्टकाप्रमाणे धान्य, डाळ, भाजी, दूध, तेल, त्यावर कपडा, भाडं, जळण. आयोगाने बाजारभाव लावून तशीच बेरीज केली आणि १८,००० धरले. तेव्हा केंद्रातला सगळ्यात कमी पगार होता ५,२०० अधिक ग्रेड पे १,८०० म्हणजे ७,०००. अठरा हजाराला सात हजाराने भागा, २.५७ येतात. सगळ्यांच्या तोंडी असलेला तो २.५७ म्हणजे हा भागाकार आहे. त्यातलेही २.२५ म्हणजे नुसतं जुनं बेसिक आणि त्यावरचा १२५ टक्के डीए, खरी वाढ साधारण १४ टक्के.

आता राज्य. बक्षी समितीच्या शिफारशींवरून २०१९ मध्ये राज्याने सातवा लागू केला, १ जानेवारी २०१६ पासून, आणि तोच २.५७ घेतला. पण राज्यातल्या शिपायाचं सहाव्यातलं मूळ होतं ४,४४० अधिक ग्रेड पे १,३०० म्हणजे ५,७४०. त्याला २.५७ ने गुणलं की १४,७५२, म्हणून एस-१ ची, म्हणजे राज्याच्या सगळ्यात खालच्या लेव्हलची, सुरुवात १५,०००. केंद्राने सहाव्या आयोगातच आपली ही ४,४४० ची खालची पायरी काढून टाकली, त्या लोकांना प्रशिक्षण देऊन ५,२०० आणि १,८०० मध्ये वर घेतलं, गट ड हाच बंद केला. राज्याने ती पायरी ठेवली. तुमच्या घरातला तीन हजाराचा फरक हा तिथला आहे, सातव्यातला नाहीच.

म्हणजे झालं काय, तर गुणक आला पण ज्या डाळ-तांदळाच्या हिशोबातून तो गुणक निघाला तो हिशोब आला नाही. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, तुम्ही दोघी एकाच भावाने मेथीची जुडी घेता, तिथे कुणी केंद्र का राज्य विचारत नाही. राज्याची तिजोरी वेगळी, पगार ठरवायचा अधिकार राज्याचा, हे कायद्याने बरोबर आहे आणि मला ते कळतं, पण किमान पगार हा गरजेवर मोजायचा असेल तर तो गरजेवरच मोजला पाहिजे, आणि माझ्या मते नणंदेच्या संघटनेने गुणक किती यावर भांडण्यापेक्षा खालची पायरी काढा ही मागणी आधी धरावी.

प्रश्न : केंद्र सरकारी नोकरी, नाशिकहून मालेगावला बदली झालीय. एचआरए कमी होणार का? — पंचवटी

उत्तर : नाही. एचआरएसाठी केंद्राने शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग केलेत, त्या यादीत नाशिक आणि मालेगाव दोन्ही वाय वर्गात आहेत, डीए ५० टक्के झाला तेव्हापासून म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून दोन्हीकडे २० टक्के. सरकारी क्वार्टर घेतलंत तर मात्र मिळणार नाही.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत तिथल्या सरकारी खात्यात आहे. तो म्हणतो मी जीएस-११ स्टेप ३. त्यांच्याकडे पण आपल्यासारखं लेव्हल असतं का? मला वाटायचं तिथे सगळं ज्याने त्याने बोलून ठरवायचं. — एक आजी, इंदिरानगर

उत्तर : आजी, अगदी आपल्यासारखंच असतं, आणि आपल्या आधीपासून आहे. १८५३ साली तिथल्या काँग्रेसने वॉशिंग्टनमधल्या क्लार्कांचे चार वर्ग केले, वर्षाला ९०० डॉलरपासून १,८०० पर्यंत. पण पुढे खाती वाढली, प्रत्येक खातं आपल्या हिशोबाने पगार देऊ लागलं, एकच काम करणारे दोन क्लार्क, एक या इमारतीत एक त्या इमारतीत, आणि पगार वेगळा. म्हणून १९२३ मध्ये वर्गीकरणाचा कायदा आला. त्यात ठरलं की आधी काम बघायचं, त्याची जबाबदारी आणि अवघडपणा बघायचा, त्यावरून श्रेणी ठरवायची आणि मग त्या श्रेणीचा पगार त्या खुर्चीवर बसेल त्याला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की समान कामाला समान मोबदला, स्त्री असो की पुरुष. शंभर वर्षांपूर्वी हे कायद्यात आलं हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

१९४९ मध्ये नवा कायदा करून आजचं जीएस म्हणजे जनरल शेड्यूल आलं. आता त्यात १५ श्रेणी आहेत आणि प्रत्येकीत १० पायऱ्या. भाच्याची श्रेणी अकरावी, पायरी तिसरी. आपल्याकडे इन्क्रिमेंट दरवर्षी, त्यांच्याकडे पहिल्या तीन वाढी वर्षा-वर्षाने, पुढच्या तीन दोन-दोन वर्षांनी आणि शेवटच्या तीन तीन-तीन वर्षांनी, म्हणजे दहाव्या पायरीवर जायला अठरा वर्षं. आणि तो राहतो त्या भागातल्या पगारांप्रमाणे वर स्थानिक भर मिळते, आपल्या एचआरएसारखी नुसत्या घरासाठी नाही.

आपल्याकडे पहिला वेतन आयोग १९४६ मध्ये बसला, न्यायमूर्ती वरदाचारींचा, आणि १९४७ मध्ये त्याने किमान पगार धरला ५५ रुपये, ३० बेसिक आणि २५ महागाई भत्ता. संविधानातही कलम ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन आहे. पण ते प्रत्यक्ष मागता येतं हे ठळकपणे कळलं १९८२ मध्ये, दिल्ली पोलिसातले ड्रायव्हर रणधीर सिंग सुप्रीम कोर्टात गेले की बाकी खात्यांतल्या ड्रायव्हरएवढीच गाडी मी चालवतो मग मला पगार कमी का, आणि कोर्टाने त्यांचं ऐकलं. आणि २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात कोर्टाने म्हटलं की नियमित माणसाचंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या वेतनश्रेणीचा किमान पगार तरी दिलाच पाहिजे. तुमच्या ओळखीत कुणी कंत्राटावर असेल तर त्याला हे जरूर सांगा.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून मागच्या वर्षी रिटायर झालो. आता पत्र आलंय की २००९ मध्ये सहाव्या आयोगाची वेतननिश्चिती चुकली होती, १ लाख ८६ हजार जास्त दिले गेले, ते ग्रॅच्युइटीतून कापणार. मी काही लपवलं नव्हतं, फिक्सेशन ऑफिसनेच केलं. मुलीचं लग्न ठरलंय. — सिन्नर

उत्तर : काका, पहिलं म्हणजे संमती म्हणून कशावरही सही करू नका.

सुप्रीम कोर्टाचा रफिक मसीह खटल्यातला डिसेंबर २०१४ चा निकाल आहे. त्यात सांगितलंय की वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची वसुली करू नये. तुम्ही वर्ग ३, निवृत्त, आणि चूक २००९ ची, तिन्हीत बसता. एक अडचण येऊ शकते. वेतननिश्चितीच्या वेळी ऑफिसने हमीपत्र घेतलेलं असतं की जादा दिलं गेलं तर परत करीन. २०१६ मध्ये जगदेव सिंग खटल्यात कोर्टाने म्हटलं की असं हमीपत्र दिलेलं असेल तर तो बांधील आहे, आणि ऑफिस हाच निकाल पुढे करेल. पण तो निकाल एका न्यायिक अधिकाऱ्याच्या बाबतीत होता आणि त्यात रफिक मसीहमधला निवृत्तांचा मुद्दा चर्चेला होता, वर्ग ३ चा नाही. तुमच्या अर्जात वर्ग ३ हा मुद्दा सगळ्यात वर लिहा.

आणि हे मला लिहायलाच पाहिजे. वेतन पडताळणी पथकाकडे सर्व्हिस बुक जातं ते बहुतेक वेळा माणूस रिटायर व्हायला आला की. सोळा वर्षांपूर्वीची चूक सोळा वर्षांनी सापडते आणि तोपर्यंत ते पैसे घरात, शाळेच्या फीमध्ये, औषधात गेलेले असतात. फिक्सेशन झाल्यावर वर्षभरात पडताळणी झालीच पाहिजे, ती न होण्यात तुमचा काहीही दोष नाही. ज्यांची सर्व्हिस अजून दहा-पंधरा वर्षं आहे त्यांनी आत्ताच अर्ज देऊन आपलं सर्व्हिस बुक पडताळून मागावं, वेतननिश्चितीच्या पानावर पथकाचा शिक्का आहे का ते डोळ्यांनी बघावं.

तुम्ही उद्याच कार्यालयप्रमुखांना अर्ज द्या, निकालाची प्रत जोडा, २००९ चं वेतननिश्चितीचं विवरणपत्र आणि हमीपत्र यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागा आणि ग्रॅच्युइटी रोखू नका असं त्याच अर्जात लिहा. नाही ऐकलं तर मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. हमीपत्र हातात आलं की त्यावर तारीख कुठली आहे आणि खाली सही खरंच तुमची आहे का बघा, आणि मला कळवा.