एक घर, दोन प्रकारच्या जमिनी : नळ्यांनी ऊब द्यावी कशी?

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेस्टर येथे आम्ही व्हिक्टोरियन काळातले, एका ओळीत बांधलेल्या घरांपैकी एक घर विकत घेतले आहे. पुढच्या दोन खोल्यांत तुळयांवर फळ्या ठोकलेली मूळ जमीन आहे आणि मागे स्वयंपाकघरासाठी काँक्रीटचा नवा स्लॅब पडणार आहे. सगळीकडे जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवायच्या आहेत. कंत्राटदार म्हणतात, एकच थर्मोस्टॅट पुरेल. हे योग्य आहे का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : योग्य नाही. स्लॅबवर उष्णतारोधक फलक, त्यावर नळ्या आणि वर साधारण 65 ते 75 मिलिमीटर जाडीचा वाळू-सिमेंटचा कोबा अशी रचना असते. हा कोबा तापायला काही तास घेतो आणि नळ्यांतले पाणी थांबले तरी बराच वेळ ऊब देत राहतो. फळ्यांची जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. शिवाय लाकडातून उष्णता सहज वर येत नसल्याने, कोब्याला 35 ते 45 अंश सेल्सिअसचे पाणी पुरत असले तरी तुळयांमधल्या नळ्यांना बहुधा त्याहून गरम पाणी लागते. म्हणून दोन्ही भागांना वेगळे थर्मोस्टॅट तर हवेतच, पण पाण्याचे तापमान ठरवणारी मिश्रण-झडपही प्रत्येकाला स्वतंत्र असावी. लाकडाच्या पृष्ठभागाचे तापमान 27 अंशांपुढे जाऊ नये, यासाठी तिथे जमिनीतच संवेदक बसवून घ्या.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या जुन्या जमिनीखाली पोकळी आहे आणि पुढच्या व मागच्या भिंतींतल्या जाळीच्या विटांमधून तिच्यात वारा खेळतो. त्या वाऱ्यामुळेच तुळया इतकी वर्षे कोरड्या राहिल्या आहेत. मागे स्लॅब पडला की मागच्या विटा बुजतात, ओल कोंडते आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजू लागतात. तेव्हा काँक्रीट ओतण्याआधीच त्या विटांपासून स्लॅबखालून नव्या बाहेरच्या भिंतीपर्यंत हवेचे पाइप टाकून घेतले पाहिजेत. स्लॅब पडल्यावर हे काम करायचे तर तो फोडावा लागतो, त्यामुळे नकाशात हे पाइप दिसत नसतील तर काम थांबवून विचारा.

पुढच्या खोल्यांतल्या फळ्या उचलल्यावर दोन तुळयांमध्ये उष्णतारोधक थर घट्ट बसवावा आणि त्याच्या खाली वाऱ्याची पोकळी मोकळी राहू द्यावी. या थरात हयगय झाली तर पैसे मोजून तापवलेली ऊब त्या पोकळीत जाईल. थरावर खाचेचे ॲल्युमिनियमचे पत्रे येतात आणि त्या खाचांत नळी दाबून बसवतात. पत्रा फळीच्या पोटाला टेकलेला असला तरच उष्णता खोलीत पसरते, मध्ये हवेची फट राहिली तर नाही. नळी एका गाळ्यातून दुसऱ्यात नेताना तुळईला खाच पाडावी लागते. ती तुळईच्या उंचीच्या एक अष्टमांशाहून खोल नसावी आणि तुळईच्या मध्यभागी तर मुळीच नको, कारण सर्वाधिक ताण तिथेच येतो. काही कामगार घाईत या दोन्ही गोष्टी विसरतात. फळ्या परत ठोकण्यापूर्वी आपण स्वतः टेप घेऊन पाहावे.

नळ्यांना जमिनीखाली कुठेही जोड नको, आणि दाबाची चाचणी त्या झाकण्यापूर्वीच व्हावी.

जिथे जुनी व नवी जमीन भेटते, त्या रेषेवरून एकसलग फरशी नेऊ नका. लाकूड ऋतूनुसार हलते, काँक्रीट हलत नाही. तिथे लवचीक सांधा ठेवला नाही तर फरशी तडकेल.

कोब्याबाबत मात्र घाई नको. वाळू-सिमेंटचा कोबा किमान 21 दिवस मुरल्याशिवाय नळ्यांत गरम पाणी सोडू नये, आणि सोडल्यावरही पहिले तीन दिवस ते 25 अंशांच्या आसपास ठेवून मगच वाढवावे. 75 मिलिमीटरचा थर आपोआप पूर्ण वाळायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून स्वयंपाकघरात लाकडी फरशी घालायची असल्यास आधी ओलाव्याची मोजणी करून घ्या.