दुपारी सामू चढला म्हणून तळ्यात ॲसिड ओतू नका

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात राहतो, जंबुसरच्या खाडीकडे एक एकर झिंग्याचं तळं आहे. दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ९.२ येत होता. दुकानदाराने हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकायला लावलं. दोन दिवसांत तपकिरी-हिरवं पाणी नितळ झालं, वाऱ्याच्या कोपऱ्यात साय जमली आणि पहाटे कोळंबी काठाला आली. आता तोच दुकानदार चुना मारा म्हणतोय. मारू का?

उत्तर : नको. आधी ॲसिड, मग चुना, मग रंगाची पावडर. दर वेळी बिल तुमचंच.

दुपारी सामू चढवतं ते शैवालच. उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, सामू वर जातो. रात्री सगळं तळं श्वास सोडतं, सामू उतरतो. पहाटे ७.८, दुपारी ८.३ असेल तर हात लावू नका. फरक अर्ध्या अंकाहून जास्त असेल तर शैवाल दाट झालंय किंवा अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) कमी आहे, बहुधा दोन्ही. सामू ९ च्या वर राहिला की मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपतो, फॉस्फेट कॅल्शियमला धरून खाली बसतं आणि डायटम, म्हणजे पाण्याला तपकिरी रंग देणारं सूक्ष्म शैवाल, उपाशी राहतात. इथवर दुकानदाराचं बरोबर. पण एक लिटर बाजारी ॲसिड साधारण अर्धा किलो कृषी चुन्याइतकी (दळलेल्या चुनखडीइतकी) अल्कलिनिटी खातं, आणि सामूला लगाम घालणारी तीच. लगाम सुटला की रात्री सामू कोसळतो; एक अंक खाली म्हणजे आम्लता दसपट. शैवाल मरतं, तळाला कुजतं, प्राणवायू खातं. म्हणून कोळंबी काठाला आली.

चुन्याचंही ऐका. कळीचा किंवा विरलेला चुना टाकलात तर सामू उडी घेईल. कुजणाऱ्या शैवालाचा अमोनिया पाण्यात आहेच. सामू ७ ला त्यातला एक टक्काही विषारी नसतो, ९ ला जवळपास तिसरा हिस्सा असतो. कृषी चुना ८.३ च्या वर विरघळत नाही, नुसता पांढरा थर बसतो.

आज रात्रभर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा, खाद्य निम्मं करा. साठवण तळ्यात स्थिरावलेलं भरतीचं पाणी घेऊन १० टक्के बदला. त्यातूनच डायटमचं नवं बी येतं. मग अल्कलिनिटी मोजा. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खाण्याचा सोडा एकरी ४० किलो, पाण्यात विरघळवून, दिवस मावळल्यावर, सलग चार संध्याकाळी. १.२ मीटर पाण्यात एवढ्याने २० मिलिग्रॅम वाढ मिळते. पाणी आधी, सोडा नंतर. उलट केलंत तर सोडा खाडीत. चार दिवसांचा डोस एका दिवशी नको. रंग यावा म्हणून युरिया तर मुळीच नको. आणि ॲसिड? पुन्हा सांगतो, नको.

 

सूर्योदयाला आणि दुपारी ३ ला सामू मोजून वहीत लिहा, रोज. मीटर ७ आणि १० च्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणावर) लावून घ्या, इलेक्ट्रोड कोरडा ठेवू नका. फक्त दुपारचा एक आकडा घेऊन दुकानात गेलात, तर परत येताना हातात ॲसिडचा कॅन असणारच.