उचल

दाराशी चपला काढून सिस्टर आत आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि समोरच्या पाण्याला हात न लावता म्हणाल्या, "ताई, मी कृतघ्न आहे का, एवढंच सांगा. बाकीचं माझं मी बघीन."

छत्रपती संभाजीनगरात समुपदेशन करताना धर्मभगिनींकडून आणि सेमिनरीत फादर व्हायला शिकणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकलाय. शब्द निरनिराळे असतात. देवानं इतकं दिलं, मग प्रार्थनेत मन का लागत नाही? संस्थेनं शिकवलं, मोठं केलं, आता सोडायचा विचार येतो, हे पाप नाही का? म्हणून या सिस्टरांच्या संमतीनं त्यांची गोष्ट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २८. गाव बीड-जालन्याच्या शिवेवरचं. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं होतं आणि लेकरं एक तर आईबापामागं फडावर जातात, नाहीतर म्हाताऱ्यांपाशी राहतात. ही मुलगी आठ वर्षांची असताना सिस्टरांनी तिला बोर्डिंगमध्ये ठेवून घेतलं. दहावी तिथंच, बारावी तिथंच. मध्ये टीबी झाला, तोही त्यांनीच बरा केला. बारावीनंतर तिला पाचारणाची, म्हणजे देवाच्या बोलावण्याची, जाणीव झाली, ती त्याच सिस्टरांच्या संघात गेली, नोव्हिशिएट म्हणजे उमेदवारीचा काळ झाला, पहिली व्रतं झाली. आता तात्पुरत्या व्रतांचं सहावं वर्ष चालू होतं. अखेरच्या, म्हणजे आयुष्यभराच्या, व्रतांसाठी स्वतःच्या हातानं अर्ज लिहून द्यायचा होता आणि तीन महिने कागद कोराच होता.

त्यांना सुपिरियरनी, म्हणजे त्यांच्या वरिष्ठ सिस्टरांनी, पाठवलं होतं, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट केली. इथं बोललेलं त्यांच्या परवानगीशिवाय कुणाकडे जाणार नाही, सुपिरियरकडेही नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातलं ६३० वं कलम वरिष्ठांना बजावतं की त्यांनी कुणालाही मन उघडं करायला कोणत्याही प्रकारे भाग पाडू नये. कित्येक सिस्टरांना हे ठाऊकच नसतं. सुपिरियरना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "तसंच हवं." त्यांचं मला बरं वाटलं.

मग झोप, जेवण, पाळी, वजन. रात्री तीन-साडेतीन तास झोप, आणि पाच वाजता चॅपलमध्ये हजर. रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन ८.२. आध्यात्मिक प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला आधी रक्ताचा कागद आणायला सांगते म्हणून काहींना राग येतो. पण जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईला ध्यानात डुलकी लागली, तर त्यात श्रद्धेचा काय दोष? नैराश्याचीही चौकशी केली. कशातच गोडी उरली नसती, जगणं नकोसं झालं असतं, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. वर्गातल्या मुलांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा खुलायचा. कोरड पडली होती ती एकाच जागी.

ती जागा तिसऱ्या भेटीत दिसली. रोज रात्री आत्मपरीक्षणाच्या वेळी देवाचे पाच आभार लिहायचे, असा त्यांचा नेम. वही त्यांनी स्वतःहून आणली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सुरुवातीची पानं वाचताना मलाच छान वाटलं. 'आज पाऊस आला.' 'दुसरीतल्या मुलीला ळ काढता आला.' 'बागेतल्या शेवग्याला पहिल्या शेंगा.' पुढं पुढं मजकूर बदलत गेला. 'बोर्डिंग, १० वर्षं. टीबीची औषधं, ६ महिने. स्वेटर २. डी.एड.ची फी.' समासात लाल पेनानं रेघ मारलेली, रेघेपलीकडे अंदाजे रकमा. शेवटच्या लिहिलेल्या पानावर खाली दोनच शब्द: 'अजून किती?'

मी वही त्यांच्याकडे वळवली. "सिस्टर, ही वही कुणाच्या वहीसारखी दिसते?"

बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मुकादमाच्या."

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. हंगामाच्या आधी मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, रोख पैसे आगाऊ देतो. ही उचल. त्यातून लेकीचं लग्न होतं, दवाखाना होतो, पत्रे पडतात. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या साली. सिस्टरांचे वडील म्हणायचे, "उचल घेतली की अंग द्यावं लागतंय." घेणं म्हणजे काय आणि देणं म्हणजे काय, हे या मुलीनं लहानपणी तिथं शिकलं होतं. कुणी काही दिलं की त्याची कुठंतरी नोंद झालेली असते आणि एक दिवस ते अंगानं फेडावं लागतं. देव हा तिच्या मनात सगळ्यात मोठा मुकादम होऊन बसला होता. अखेरची व्रतं म्हणजे आयुष्यभराचं अंग देणं. एवढं दिलं की खातं मिटेल, असा तो हिशेब. आणि मनातून मात्र तिला कळत होतं की असल्या हिशेबानं कुणी कुणावर प्रेम करत नाही.

आपल्याकडे 'पांग फेडले' ही मोठी शाबासकी आहे. लेकानं आईबापाचे पांग फेडावेत हे मलाही पटतं. पण व्रताची गोष्ट वेगळी. जबरदस्तीनं, मोठ्या भीतीपोटी किंवा फसवणुकीनं घेतलेलं व्रत चर्च व्रतच मानत नाही. या सिस्टरांना कुणी धमकावलं नव्हतं, बोर्डिंगच्या सिस्टरांनी चुकूनही उपकार बोलून दाखवले नव्हते. तरी कर्ज हीसुद्धा एक भीतीच असते.

त्यांनी स्वतःच लूककृत शुभवर्तमानातले, येशूनं बरे केलेले दहा कुष्ठरोगी काढले. "नऊजण आभार मानायला आले नाहीत, ताई. मी त्या नवांतली." मी म्हटलं, जो आला त्याला येशूनं काय सांगितलं ते वाचा. त्यांनी सतराव्या अध्यायातली ओळ वाचली. ऊठ आणि जा. मग मार्कचा पाचवा अध्याय काढायला लावला. थडग्यांमधून फिरणारा तो माणूस बरा होतो आणि विनवतो, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. येशू त्याला येऊ देत नाही, आपल्या घरी, आपल्या माणसांत जा म्हणतो. आणि ज्या कोळ्यांना त्यानं "माझ्यामागं या" म्हटलं, त्यांच्यावर त्याचं असं कुठलं कर्ज चढलेलं होतं? ही वचनं सिस्टरांनी शेकडो वेळा ऐकली असतील. त्या दिवशी त्या मार्कची ती ओळ बोटानं दाबून धरून बसल्या होत्या.

मी धर्मज्ञानाची शिक्षिका नाही, साधी प्रापंचिक कॅथलिक बाई आहे. पण युखारिस्त या ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणं, आणि मिस्सामधल्या, म्हणजे त्याच युखारिस्ताच्या उपासनेतल्या, एका प्रार्थनेत आपण देवाला सरळ सांगतो की तुला आमच्या स्तुतीची गरज नाही, तुझे आभार मानावेसे वाटणं हीही तुझीच देणगी. ज्याला गरजच नाही त्याची फेड कशी करणार?

गृहपाठ एकच दिला. बोर्डिंगच्या त्या वेळच्या सिस्टर आता वयोमानानं दुसऱ्या कॉन्व्हेंटात असतात. त्यांना भेटायचं आणि आपल्यावर किती खर्च झाला ते विचारायचं. म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, "ते मला कसं आठवावं, बाळ? तुझ्या डोक्यातल्या उवा आठवतात. आणि तू रविवारी बारक्या पोरींच्या वेण्या घालायचीस, ते." ज्यांनी दिलं त्यांच्याकडे वहीच नव्हती.

एक धास्ती उरली होती. "सोडून गेले तर पवित्रतेची वाट बंद झाली ना?" ही समजूत आपल्या ख्रिस्ती घरांत अजून घट्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्पष्ट सांगितलं की पवित्रतेचं पाचारण प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्याला आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १६०९ मध्ये, संत फ्रान्सिस द सेल्सनं संसारी लोकांसाठी लिहिलं की भक्ती सैनिकांच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, घरातून हद्दपार करता येत नाही. वैजापूरकडच्या घोगरगावसारख्या गावांत आपलं जुनं मिशन रुजवलं ते याच संताच्या नावाच्या संघातल्या फादरांनी. आणि कोरडेपणाचं म्हणाल तर लिझ्यूची संत तेरेजा १८९७ मध्ये २४ व्या वर्षी गेली, शेवटचे दीड वर्ष तिला स्वर्ग आहे असं वाटतच नव्हतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा त्यांच्या आतला अनेक वर्षांचा अंधार जगाला कळला. मन कोरडं पडणं हा पाचारण खोटं असल्याचा पुरावा नव्हे. ते खरं असल्याचाही नव्हे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते.

राहा किंवा जा, हे मी कुणालाही सांगत नाही. संत इग्नेशियसचा एक नियम मात्र सांगते, की मन काळवंडलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नये. आणि माझ्या अनुभवातून त्यात भर घालते: तशा मनानं कायमची सहीही करू नये. तात्पुरत्या व्रतांची मुदत एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवता येते, हे सिस्टरांना माहीत होतं, पण मागायला लाज वाटत होती. शेवटी त्यांनी अर्ज लिहिला तो एका वर्षाच्या मुदतवाढीचा. मिळाली. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. वहीतली लाल रेघ थांबली. काही रात्री पाचाऐवजी एकच ओळ असे, काही रात्री काहीच नसे, आणि ते चालेल असं आम्ही ठरवलं होतं.

ते वर्ष अजून सरलेलं नाही. फेब्रुवारीत त्या आल्या त्या थेट फडावरूनच. तीन दिवस आईवडिलांच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहून आल्या होत्या. व्रतं घेतल्यापासून पहिल्यांदा. पहिल्या रात्री आईला म्हणाल्या, पहाटे मला उठव, मोळ्या बांधायला येते. आई म्हणाली, "बरं."

"तिनं उठवलंच नाही, ताई. मी सात वाजेपर्यंत झोपले. जाग आली तर ते दोघं कधीच फडात गेलेले, कोयत्यांचा आवाज येत होता. चुलीपाशी ताटाखाली माझी भाकर झाकून ठेवलेली होती."