केळी वेफर्सच्या लहान युनिटसाठी सरकारी अनुदान कसं मिळवायचं?

ताई, तुमचा प्रश्न असा: रावेर तालुक्यातल्या खेड्यात केळी वेफर्सचं युनिट टाकायचंय, खर्च ८ लाखांच्या आसपास, हातात ७०-८० हजार, आणि एक एजंट 'अनुदान काढून देतो' म्हणून २० हजार मागतोय.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. खाली सांगतोय त्या दोन्ही योजनांचा अर्ज ऑनलाइन आणि मोफत भरता येतो, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) हीही मोफतच. आणि एजंटच काय, कुणीच अनुदान 'काढून' देऊ शकत नाही, कारण ते सुटं मिळतच नाही. आधी बँकेचं कर्ज मंजूर होतं, मग त्यावर अनुदान येतं. त्यामुळे खरी परीक्षा बँकेच्या शाखेत असते.

तुमच्यासाठी पहिली योजना पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. अर्ज जळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रामार्फत किंवा खादी ग्रामोद्योग मंडळामार्फत करता येतो. महिला विशेष प्रवर्गात धरल्या जातात, म्हणून ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के आणि स्वतःची रक्कम फक्त ५ टक्के. ८ लाखांच्या प्रकल्पात तुमचे ४० हजार, बँकेचे ७ लाख ६० हजार आणि या कर्जातूनच पुढे वजा होणारं अनुदान २ लाख ८० हजार. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. ग्रामीण की शहरी हे युनिटच्या जागेवरून ठरतं, तुमच्या राहण्यावरून नाही. रस्त्याला लागून बरं पडेल म्हणून सावदा किंवा फैजपूरला गाळा घेतलात तर तिथे नगरपालिका आहे, अनुदान २५ टक्क्यांवर येईल आणि सरळ ८० हजार जातील. ग्रामपंचायत हद्दीतच जागा बघा.

हे अनुदान कर्जाचा पहिला हप्ता उचलल्यावर बँकेत येतं, पण तुमच्या नावाने ३ वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं. त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. ३ वर्षं युनिट चालू राहिलं, प्रत्यक्ष पाहणी झाली, की ते कर्जात वळतं करतात. मधेच युनिट बंद पडलं किंवा खातं थकलं तर अनुदान परत जातं. म्हणून सुरुवातीच्या हप्त्यांचा हिशेब अनुदान नाहीच असं समजून करा.

दुसरी पीएमएफएमई, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, कृषी विभागाकडची. 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये जळगावला केळीच आहे. इथेही ३५ टक्के, कमाल १० लाख, पण स्वतःचे १० टक्के लागतात आणि खेळत्या भांडवलावर अनुदान नाही. तुमच्या ८ लाखांत मशिनरी आणि शेडचं काम साडेपाच लाखांचं असेल तर अनुदान १ लाख ९२ हजारांच्या आसपास बसेल. आधीपासून युनिट चालवणाऱ्याला ही योजना चांगली, कारण पीएमईजीपीचं हे अनुदान फक्त नव्या युनिटला आहे. एकाच कर्जावर दोन्ही अनुदानं घेता येत नाहीत. माझ्या मते तुम्ही पीएमईजीपीच धरा. मात्र दोन्ही योजनांची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, तेव्हा नवे अर्ज घेतायत का हे आधी उद्योग केंद्रात आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा. पीएमएफएमईला अर्ज आणि प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचा मोबदला सरकार देतं, तुम्ही नाही.

कागद: आधार, पॅन, शिक्षणाचा दाखला (१० लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पास लागतं, तुमचा त्याच्या आत आहे), ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) ग्रामीण क्षेत्राचा दाखला, ग्रामपंचायतीची ना हरकत, मशिनरीचं जीएसटी असलेलं कोटेशन. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर नोंदणीकृत भाडेकरार करा, तोंडी संमती चालत नाही. थ्री फेज जोडणीसाठी महावितरणकडे लवकर विचारणा करा, मशीन येऊन पडलं आणि वीज नाही, असं पुष्कळांचं होतं. आणि मंजुरीआधी मशीन विकत घेऊ नका. बँक पैसे थेट विक्रेत्याला देते, आधीची खरेदी प्रकल्पात धरत नाहीत.

अर्ज जास्त करून अडतो तो प्रकल्प अहवालात. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार अहवालात केळीचा वर्षभर एकच भाव आणि पहिल्याच वर्षी १०० टक्के उत्पादन लिहिलेलं असतं. रावेर-बऱ्हाणपूरचा भाव किती वर-खाली होतो हे शाखेतल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही दोन भाव धरून हिशेब मांडा, पडलेल्या काळातला आणि चढलेल्या काळातला. सालीसकट साधारण साडेतीन-चार किलो कच्च्या केळीला एक किलो वेफर्स निघतात, त्यात तेल, गॅस, पाकीट, मजुरी मिळवा. पहिल्या वर्षी ६० टक्के क्षमता धरा. माल कुठे जाणार ते लिहा. भुसावळ-जळगावच्या दोन-चार दुकानदारांची लेखी मागणी जोडलीत तर वजन पडतं.

दुसरी अडचण सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, जी बँक आधी बघते. बचत गटाचे किंवा फायनान्स कंपनीचे हप्ते थकले असतील, कुणाला जामीन राहिला असाल, तर ते दिसतंच. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, अर्जाआधी काढा. पतीच्या नावावर पीएमईजीपीचं युनिट असेल तर तुम्हाला मिळणार नाही, कारण पती-पत्नी मिळून एकच कुटुंब धरतात.

१० लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नसतं. तरी शेत गहाण मागितलं किंवा अर्ज फेटाळला, तर कारण लेखी घ्या आणि जिल्ह्याच्या अग्रणी (लीड) बँक व्यवस्थापकाकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण, ५ लाखांवरच्या प्रकल्पाला १० दिवसांचं, ते ऑनलाइनही होतं. ते पूर्ण केल्याशिवाय अनुदानाची मागणी पुढे सरकत नाही, तेव्हा मंजुरीपत्र मिळालं की त्याच आठवड्यात नाव घाला.