४० टक्के कंटेन, मग उरलेले ६० टक्के?

प्रश्न: मुलगा-सून अमेरिकेत ओरेगनच्या पूर्व भागात असतात. त्यांच्यापासून तासाभरावर डोंगरात वीज पडून मोठा वणवा लागलाय. मुलगा रोज व्हॉट्सॲपवर टाकतो, "आई, आज ४० टक्के कंटेन झाला, टेन्शन घेऊ नकोस." म्हणजे ६० टक्के अजून जळतंयच ना? आणि वीज पडली तर पाऊस नाही का पडत सोबत? एवढी विमानं आहेत त्यांच्याकडे, पाणी ओतून विझवत का नाहीत एकदाचं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, आधी त्या ४० चा घोळ मिटवू, भलेभले फसतात त्यात. कंटेन म्हणजे विझणं नव्हेच. समजा वणव्याची सगळी कड मिळून १०० किलोमीटर भरते, तर त्यातल्या ४० किलोमीटरवर अशी रेषा झालीये की आग ती ओलांडणार नाही असा तिथल्या लोकांना भरवसा आहे, बस. आत खुशाल धुमसत असतं.

ही रेषा म्हणजे आपलं वनखातं उन्हाळ्याच्या तोंडावर काढतं ती जाळरेषाच, फक्त ती काढायची आग समोर असताना. सपाटीवर बुलडोझर फिरवतात, पण कड्याकपारीत तो कुठे चढणार, तिथे २०-२० जणांच्या टोळ्या हाताने खणतात, गवत-झुडपं-पाला सगळं काढून खालची कोरी माती उघडी पाडायची. पुलास्की नावाचं हत्यार असतं त्यांच्याकडे, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं. सुरुवात जळून गेलेल्या किंवा रस्ता-नदीच्या बाजूने करतात, नाहीतर आग वळसा घालून पाठीमागून यायची. आणि बऱ्याचदा रेषा आणि आग यांच्यामधलं गवत स्वतःच पेटवून देतात, म्हणजे आग येईपर्यंत तिला खायला काही उरतच नाही.

गवत आणि लाकूड दोन्ही असलं की खरी डोकेदुखी. गवताची आग वाऱ्यावर पळते, चढावर तर आणखी जोरात कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात, पण ती विझतेही पटकन. येऊरला मी एकदा ओल्या फांद्या घेऊन झोडपायला गेलोय, तासाभरात काम झालं (हात मात्र चार दिवस दुखत होते). ओंडक्यात आणि मुळांत शिरलेला विस्तव मात्र दिवसच्या दिवस बसून राहतो, वारा सुटला की परत वर. म्हणून ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी लोक राखेत उलटा हात धरून ऊब शोधत फिरतात, सापडली की खणायचं, पाणी घालायचं. टक्के हळूहळू वाढतात ते यामुळेच.

विमानातून पडतं ते लाल दिसतं, ते नुसतं पाणी नसतं, खतातल्यासारखे फॉस्फेटचे क्षार आणि लोहाचा रंग असतो त्यात. आगीवर नाही, आगीच्या पुढच्या झाडोऱ्यावर टाकतात, वेग मंदावतो आणि खालच्या टोळीला वेळ मिळतो. खाली माणसं नसतील तर विमानाचा फारसा उपयोग नाही.

आता वीज. आपल्याकडे वीज येते ती वळवाला किंवा पावसाळ्यात, सोबत सडकून पाऊस, म्हणून तुमच्या मुलुंडच्या मागचे वणवे बहुतेक माणसानेच लावलेले असतात. तिकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी की पाऊस खाली पोचेपर्यंत वरच आटतो आणि वीज तेवढी पडते. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच विजांनी लागलेल्या ३८ आगी मिळून १० लाख एकरांच्या वर जंगल गेलं. तुमच्या मुलाच्या ओरेगनमध्येच जुलै २०२४ ला डर्कीचा वणवा विजेनेच लागला होता, साधारण २ लाख ९४ हजार एकर, म्हणजे आपली अख्खी मुंबई दोनदा मावेल एवढं, त्यातलं बरंचसं गवताळ-झुडपी माळरान.

तेव्हा मुलाला टक्के विचारू नका, वारा कुठून कुठे आहे आणि घराच्या भागात लेव्हल किती हे विचारा. ओरेगनमध्ये १ म्हणजे तयारीत राहा, २ म्हणजे सामान बांधून बसा, ३ म्हणजे आत्ताच्या आत्ता निघा. १ असली तरी पासपोर्ट, औषधं आणि चार्जर आजच गाडीत टाकून ठेवायला सांगा, आणि सुनेलाही वेगळा फोन करा, मुलं आईला सगळंच सांगतात असं नाही.